मुंबई उगवतीकडून पाहावी

पोरांनो, मुंबईला निघालाच आहात तर एक गोष्ट धरून चाला. मुंबई उगवतीकडून पाहायची. चौपाटी, मरीन ड्राइव्ह, हाजीअली, जुहू हे सगळं मावळतीच्या अंगाला आहे आणि तिथे तुम्हाला कोणीही नेईल. बंदर आहे पूर्वेला. कुलाब्यापासून शिवडीपर्यंतचा किनारा मुख्य जमिनीकडे तोंड करून बसला आहे. मधलं पाणी खोल आणि वाऱ्यापासून आडोशाचं. म्हणून जहाजं तिथे लागली, गोदामं तिथे झाली, रेल्वे तिथवर गेली, आणि बाकीचं शहर त्याच्या पाठीशी वाढलं. आपल्या वर्धेकाठचा कापूस ज्या वाटेने जगात गेला ती वाट याच बाजूने गेली. आर्वी-पुलगाव-हिंगणघाटकडच्या माणसाने ती पाहिल्याशिवाय परतू नये, असं मला मनापासून वाटतं.

तरुणपणी मी आर्वीकडच्या एका जिनिंगमध्ये होतो. आमचे दिवाणजी रुईचे नमुने घेऊन मुंबईला जात आणि पिशव्या धरायला मला नेत. त्यांचं म्हणणं असे, "समुद्र पाहाले गेला अन् बंदर न पाहता वापस आला, तं काय पाह्यलं गड्या?" मी पुढे पुतण्या-भाच्यांना तेच सांगत आलो. आता तुमची पाळी आहे, म्हणून नीट ऐका.

आधी जाण्याचं. आपलं तळेगाव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर, पण रेल्वे दोन्हीकडून लांब. एक वाट आर्वीवरून पुलगावला, दुसरी अमरावतीला. मी अमरावतीची सांगतो. मुंबईची एक्सप्रेस संध्याकाळी तिथूनच सुटते, त्यामुळे डबा रिकामा मिळतो, सामान नीट लावता येतं, म्हाताऱ्या माणसांना धक्काबुक्की होत नाही. पुलगाव-धामणगावकडून निघणार असाल तर विदर्भ एक्सप्रेस आहे, तीही रात्रीतून नेते. सकाळी दादर आलं की अर्धा डबा उठेल. तुम्ही बसून राहा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे शेवटचं स्टेशन, तिथेच उतरायचं, कारण तुमचं सगळं पाहायचं तिथून पायी अंतरावर किंवा तिथूनच सुटणाऱ्या लोकलवर आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला आणि गाडीने जायची हौस पुष्कळांना आली आहे. जा, पण गाडी ठाण्या-कल्याणकडे कोणा नातेवाइकाच्या दारात ठेवा आणि पुढे लोकल धरा. फोर्टात गाडी उभी करायला जागा शोधण्यात दिवस जातो.

लॉजवर गाव लिहिताना, पार्सलवर पत्ता टाकताना 'तळेगाव श्यामजी पंत, तालुका आष्टी, जिल्हा वर्धा' असं पूर्ण लिहा. मुंबईकराच्या कानात तळेगाव म्हणजे दाभाड्यांचं. एकदा संत्र्याची पेटी पुण्याकडे गेली की ती हाती येईपर्यंत आतली फळं खाण्यासारखी राहत नाहीत.

महिना निवडायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारी. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, पण घाम अंगावरच वाळतो. मुंबईला तेहतीस अंशातसुद्धा कपडा अंगाला चिकटतो आणि माणूस लवकर गळतो. सुती कपडे, मोठा पंचा, बाटलीत साखर-मीठ-लिंबू. टेरीकॉटचा शर्ट फोटोपुरता ठेवा. रात्रीच्या प्रवासाला भाकरी-ठेचा आणि वर्ध्याचा गोरसपाक घ्या, म्हणजे गाडीतलं काही विकत घ्यावं लागत नाही. उतरल्यावर स्टेशनवरच्या क्लोकरूममध्ये सामान टाका. बॅगेला कुलूप असेल तरच ते ठेवून घेतात, म्हणून घरूनच कुलूप लावून निघा. आणि चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवा, ती सर्वांना तोंडपाठ करवून घ्या. फोनवर विसंबू नका, गर्दीत तो ऐकूच येत नाही.

आता समुद्राचं सर्वांत मोठं गुपित. आपल्या वर्धा नदीला पूर येतो आणि ओसरतो, समुद्राला मात्र रोज दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. आपल्याकडच्या माणसाला याची सवय नसते आणि तो भलत्या वेळी जाऊन उभा राहतो. कोकणातल्या माणसांकडून दिवाणजींना मिळालेला हिशेब असा: पंचांगात किंवा कालनिर्णयवर तिथी पाहा, तिची पाऊणपट करा, तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. पौर्णिमा किंवा अमावस्या असेल तर पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे दुपार आणि मध्यरात्रीकडे. शुक्ल असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासून. तासभर इकडेतिकडे होतं, तेवढं धरा. पूर्ण भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हाजीअलीच्या दर्ग्याची वाट भरतीत पाण्याखाली जाते, तेव्हा तिथे जायचं असेल तर हा हिशेब आधी करा. पावसाळ्यात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात कठड्यावर बसून लाटा अंगावर घ्यायच्या नाहीत. दरवर्षी माणसं त्यात जातात.

पहिल्या सकाळी स्टेशनच पाहा. फ्रेडरिक स्टीव्हन्स नावाच्या वास्तुविशारदाने ते बांधलं, काम १८७८ ला सुरू झालं आणि १८८८ ला संपलं. २००४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं. समोर महापालिकेच्या बाजूला उभं राहिलं की पूर्ण दिसतं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ आहे, तेवढं पोरांना दाखवा. मग क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा फुले मंडई. १८६९ ची. दारांवरच्या कमानीत दगडात कोरलेले शेतकरी आहेत, ते काम जॉन लॉकवुड किपलिंगचं. हा रुडयार्ड किपलिंगचा बाप, जे. जे. कला शाळेत शिकवायचा. फळांचा घाऊक बाजार कधीच वाशीला गेला, पण इथल्या गाळ्यांवर आपला संत्रा अजून दिसतो. भाव विचारा. आपल्या आष्टी-कारंज्याच्या बागेत काय मिळाला आणि इथे काय आहे, हे संत्रा पिकवणाऱ्या घरच्या पोराला कळलंच पाहिजे.

तिथून फोर्टात चाला. हॉर्निमन सर्कल गाठा. ही आज गोल बाग आहे, पण दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इथे मोकळं मैदान होतं आणि त्यावर कापसाच्या गठाणींचे ढीग लागत. बोटीत चढण्याआधी कापूस इथे पडून असे. १८४४ च्या सुमारास हा बाजार कुलाब्याला हलवला आणि पुढे शिवडीकडे, त्याचं मी नंतर सांगतो. समोर टाउन हॉलच्या पायऱ्या आहेत, १८३३ ची इमारत, आत एशियाटिक सोसायटी. पायऱ्यांवर जरा टेका. इथे बसून मी पोरांना कापसाची गोष्ट सांगतो.

मुंबईचा कापूस सर्वांत आधी चीनला जाई. कँटन बंदर, आताचं क्वांगचौ. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या व्यापाऱ्यांचा खरा पैसा त्या बंदरावर होत असे. कापूस जाई आणि त्याच्यापाठोपाठ माळव्याची अफू जाई. सर जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी कँटनच्या वाऱ्या करून मोठे झाले. जे. जे. रुग्णालय, जे. जे. कला शाळा, त्यांच्या पत्नीच्या देणगीतून १८४५ ला पुरा झालेला माहीमचा रस्ता, यामागे त्या व्यापाराचा पैसा आहे. ससून घराणं मागून आलं, त्यांचा व्यापारही शांघायपर्यंत. ससून डॉक १८७५ चा आणि काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून वाचनालय. पोरांना ही दगडी कामं दाखवताना अफूचंही सांगा. ज्यांच्या घरात ती अफू गेली त्यांची घरं बसली. रुग्णालयाने किती जीव वाचवले तेही खरं आणि हेही खरं. दोन्ही सांगितल्याशिवाय या रस्त्यावरून चालू नका.

शहीद भगतसिंग मार्गावर गोदीचं लायन गेट लागेल. आत नौदल आहे, जाता येत नाही आणि फोटोही काढायचा नाही. फक्त बाहेर उभं राहून एवढं सांगा की या भिंतीमागे वाडिया घराण्याच्या पारशी सुतारांनी सागवानी जहाजं बांधली. त्यांचं 'कॉर्नवॉलिस' नावाचं जहाज १८१३ चं. १८४२ मध्ये अफूचं युद्ध हरलेल्या चीनने नानकिंगचा तह केला, हाँगकाँग दिलं आणि पाच बंदरं इंग्रजांना उघडून दिली. तो तह ज्या जहाजावर झाला ते हेच, मुंबईत घडलेलं. आपल्या लोकांच्या हातचं लाकूड कुठे जाऊन कोणाच्या कामी आलं, हे लायन गेटसमोर उभं राहून मला नेहमी अस्वस्थ करतं.

त्याच रस्त्याने पुढे बॅलार्ड इस्टेट. गोदी खणली त्या भरावावर १९१४ नंतर उठलेली वस्ती, जॉर्ज विटेटने आखलेली. रविवारी इथे शुकशुकाट असतो. म्हाताऱ्यांना फिरवायला, पोरांना मोकळं सोडायला फोर्टात याहून चांगली जागा नाही. पलीकडे बॅलार्ड पिअर. विलायतेच्या पी अँड ओ कंपनीच्या मोठ्या बोटी इथे लागत. १ सप्टेंबर १९३८ ला त्याच कंपनीच्या 'राजपुताना' बोटीने मुंबईहून पाच डॉक्टर चीनला निघाले. जपानने चीनवर हल्ला केला होता आणि काँग्रेसने हे वैद्यकीय पथक पाठवलं, तेव्हा सुभाषबाबू अध्यक्ष होते. पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे शाळेत शिकला असाल. पण त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे आपल्या विदर्भात फार थोड्यांना ठाऊक आहे. बाकीचे अटल, बसू आणि मुखर्जी. १७ सप्टेंबरला ते कँटनला उतरले, आणि पुढच्याच महिन्यात ते शहर जपानी सैन्याच्या हाती पडलं. पथक तोवर आत निघून गेलं होतं. कोटणीस परत आलेच नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जखमी सैनिकांची सेवा करता करता गेले. ज्या बंदरात मुंबईहून अफू गेली होती त्याच बंदरात शंभर वर्षांनी मुंबईहूनच औषधं उतरली. माझ्या पोरांना, नातवंडांना मी ही जागा हात धरून दाखवली आहे. गेटवेला अर्धा तास कमी द्या, पण इथे थांबा.

फोर्टातलं तिसरं काम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, १९२२ ला उघडलेलं. तिथे टाटांनी दिलेल्या संग्रहात चिनी मातीची भांडी आहेत. मूर्ती पाहून पाय दुखले तरी वर चढा, त्या भांड्यांपाशी जा. कँटनहून काय येत असे, ते तिथे डोळ्यांना दिसतं. बाकी गेटवे, ताज, राजाबाई टॉवर, मरीन ड्राइव्ह हे तुम्ही स्वतःच पाहाल, त्यासाठी म्हाताऱ्याचा सल्ला लागत नाही. राजाबाई टॉवरपाशी फक्त एवढं आठवा की प्रेमचंद रायचंदने तो आईच्या नावाने बांधायला पैसा दिला, आणि तो पैसा अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना कापसाच्या तेजीत झाला होता. १८६५ ला युद्ध थांबलं, भाव कोसळले, मुंबईच्या कित्येक पेढ्या बुडाल्या. आपल्याकडे नागपूरपर्यंत रेल्वे आली १८६७ ला. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरच्या गंगेपर्यंतसुद्धा जाई. जे जमशेटजी टाटा तरुणपणी हाँगकाँगला जाऊन चीनचा व्यापार शिकले, त्यांनीच मग १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी हवी, हा त्यांचा विचार होता.

दुसरा दिवस हार्बर लाइनचा. माझ्या मते मुंबईतली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत भरलेली सहल हीच. टर्मिनसवर आधी दुसऱ्या वर्गाचं तिकीट काढा, जिथे उतरायचं तिथपर्यंतचं, प्रत्येक टप्प्याचं वेगळं, मग लोकलच्या फलाटावर जा. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. बंदराचा सगळा इतिहास या सहा स्टेशनांवर ओळीने टांगला आहे. भारतातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला याच मार्गावर, टर्मिनस ते कुर्ला धावली. सकाळी गर्दी टर्मिनसकडे येते आणि तुम्ही उलट्या दिशेला जाणार, म्हणून खिडकी मिळते. संध्याकाळी पाचच्या आत मात्र परत फिरा. रविवारी जायचं असेल तर मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी पाहा. बायकांचा डबा कुठे लागतो ते फलाटावर उभ्या असलेल्या बाईला विचारायचं. मुंबईची बाई घाईत असली तरी सांगते. आणि धावत्या लोकलच्या दारात उभं राहायचं नाही. ही विनंती नाही, पोरांनो.

मस्जिदला उतरलात तर दाणाबंदर, चिंचबंदरची वस्ती: मसाले, सुका मेवा, हातगाड्या. सॅम्युएल स्ट्रीटवर १७९६ सालचं सिनेगॉग आहे, बेने इस्रायली लोकांचं. घरात मराठी बोलणारे हे लोक कोकणातून आले. आत जायला ओळखपत्र लागतं आणि आधी विचारावं लागतं.

मस्जिदपासून सँडहर्स्ट रोडपर्यंत उजव्या अंगाला गोदीची भिंत आणि गोदामं डोकावतात. इथे व्हिक्टोरिया गोदी होती. १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज इथे उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा, आणि त्याच्याच जवळ कराचीहून चढवलेल्या कापसाच्या गठाणी. आग गठाणींच्या फळीत लागली. ज्याने प्रेसमध्ये काम केलं आहे त्याला हे ऐकूनच कापरं भरतं. दाबलेली गठाण वरून विझली तरी आतून धुमसत राहते, पाणी आत शिरत नाही, आणि तासांनंतर पुन्हा पेटते. आमच्याकडे अशी गठाण दिसली की आधी ती ढिगातून ओढून मोकळ्या मैदानात टाकत, तिच्या पट्ट्या तोडत आणि मग पाणी मारत. जहाजाच्या पोटात ओढायला जागाच नव्हती. दुपारी चारनंतर दोन स्फोट झाले, गोदी उडाली, आसपासची वस्ती जळाली, सोन्याच्या लगडी घरांच्या छपरांवर जाऊन पडल्या. अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान गेले. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. जिनिंगमध्ये विडी ओढू नका, असं मी तुम्हाला लहानपणापासून का ओरडतो, ते खिडकीतून ती भिंत पाहताना आठवा.

डॉकयार्ड रोडला उतरा आणि नवाब टँक रोडचा रस्ता विचारा. माझगावात तिथे एक चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं. सी यिप कून म्हणतात. कँटन प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेल्या खलाशांनी, सुतारांनी ते बांधलं. माझगाव गोदीत काम मिळे म्हणून ते इथे राहिले. जिना चढून वर गेलं की लाल रंग, उदबत्त्यांचा धूर आणि कुआन कुंगची मूर्ती. हा खराखुरा सेनापती होता, अठराशे वर्षांपूर्वीचा, दिलेला शब्द पाळणारा म्हणून पुढे देव झाला. व्यापारी लोक त्याला मानतात. चिनी नववर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीत, इथे गर्दी असते. एरवी दार बंदही असू शकतं, आणि उघडं असेल तर आतल्या माणसाला विचारूनच पाऊल टाका. तिथल्या काठ्या हलवून कौल घ्यायची रीत आहे, तो खेळ समजू नका. १९६२ च्या युद्धानंतर मुंबईतली ही चिनी घरं फार कमी झाली. त्यांची दफनभूमी अँटॉप हिलला आहे. जे उरले ते इथेच जन्मलेले, हिंदी-मराठी बोलणारे. त्यांना "तुम्ही कुठले?" असं विचारू नका. माझगावचेच आहेत ते.

रे रोडला मी उतरवत नाही. दारूखान्यात जहाजं तोडतात, लोखंडाचे पत्रे, साखळ्या, तेलकट जमीन. लहान पोरं सोबत असतील तर गाडीतूनच पाहा.

कॉटन ग्रीनला मात्र मी उतरतोच. कुलाब्याहून कापसाचा बाजार १९२० च्या दशकात इथे आला. कापूस एक्स्चेंजची मोठी इमारत आहे आणि आसपास बंदर ट्रस्टची ओळीच्या ओळी गोदामं. आता पुष्कळशी रिकामी आहेत. आमच्या काळी नमुना इथल्या खोल्यांत उत्तरेच्या खिडकीपाशी पाहत, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, रुईचा रंग फसवत नाही. दिवाणजी रुईचा पुंजका दोन्ही अंगठ्यांत धरत, हळू ओढत, मग पुन्हा एकावर एक ठेवून ओढत, आणि बोटांत उरलेल्या तारेची लांबी नुसत्या नजरेने सांगत. दलाल मान डोलवायचा आणि भाव ठरायचा. हिंगणघाटच्या बाण्या कापसाचं नाव त्या खोल्यांत अदबीने घेतलं जाई. आज ही कामं यंत्रं करतात आणि चांगली करतात. पण तुम्ही घरून निघताना आपल्या कापसाचा एक पुंजका खिशात ठेवा, आणि त्या इमारतीसमोर उभं राहून तार ओढून पाहा. रखवालदार आत सोडणार नाही, त्याच्याशी हुज्जत घालू नका. बाहेरचा रस्ता सर्वांचा आहे.

शिवडीला भरतीचा हिशेब कामी येतो. धक्क्याच्या चिखलात हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्षी येतात. पूर्ण ओहोटीत ते लांब चिखलात ठिपक्यांएवढे दिसतात, पूर्ण भरतीत चिखलच बुडतो. पाणी चढत असताना, भरतीच्या दोन-तीन तास आधी जा, पाण्यासोबत ते सरकत सरकत जवळ येतात. अटल सेतूचं काम झाल्यापासून इथली संख्या घटली असं पाहणारे सांगतात, आणि पुष्कळ पक्षी आता भांडुप-ऐरोलीच्या खाडीकडे दिसतात. सेतू इथूनच निघतो, १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला, २१.८ किलोमीटरचा. वरच्या टेकाडावर शिवडीचा जुना किल्ला आहे. पायात घसरणार नाहीत असे बूट हवेत.

घारापुरीसाठी वेगळा दिवस ठेवा, आणि तो सोमवार नको, लेणी बंद असतात. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय आणि राणीची बाग बुधवारी बंद. म्हणून सोमवार-बुधवार सांभाळून दिवस बेता. आधी भायखळ्याला जा. संग्रहालयाबाहेर काळ्या दगडाचा हत्ती उभा आहे. तो घारापुरीचा. विलायतेला न्यायला म्हणून उचलला, यारी तुटली, हत्ती फुटला, मग इथे जोडून उभा केला. पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यावरून. हत्ती पाहून मग बेटावर गेलं की ती जागा डोक्यात नीट बसते. गेटवेहून सकाळी पहिल्या-दुसऱ्या लाँचने निघा, तासाभराचा प्रवास. लाइफ जॅकेट घाला, म्हातारे-पोरं सगळ्यांनी. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर अपघात होऊन माणसं गेली आहेत. बोटवाला देत नसेल तर मागा, लाजू नका. पावसाळ्यात हे सगळं टाळा. बेटावर शंभरावर पायऱ्या आहेत, माकडं हातातली पिशवी ओढतात, खायचं उघडं ठेवू नका. त्रिमूर्तीपाशी पोचल्यावर घाई करू नका. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, मग डावा-उजवा चेहरा वेगळा दिसू लागतो. परतीच्या लाँचमध्ये वरच्या मजल्यावर पूर्वेकडचं, म्हणजे उरणकडचं बंदरही पाहा. कंटेनरची मोठी जहाजं आता तिकडे लागतात.

कोळणींचं जग पाहायचं असेल तर ससून डॉकला पहाटे पाचला. जमीन ओली, वास जबर. विचारल्याशिवाय फोटो काढू नका. त्या कामावर आहेत. शाकाहारी माणसांना नेऊ नका, त्यांनाही त्रास आणि त्या बायांनाही.

परतीच्या गाडीच्या दिवशी नवीन काही पाहायला काढू नका. दुपारी चारपर्यंत क्लोकरूममधलं सामान हातात हवं, कारण संध्याकाळी टर्मिनसवर लोकलची गर्दी अशी असते की बॅग घेऊन आडवं जाता येत नाही. अमरावतीची गाडी असेल तर पाणी भरून घ्या, डबा कुठे लागतो ते फलाटावरच्या पाटीवर पाहा. पुलगावला उतरायचं असेल तर पहाटेचा गजर लावा, गाडी तिथे फार थांबत नाही. आर्वीची एसटी स्टँडवर मिळेल, आणि आर्वीहून तळेगावला दिवसभर काही ना काही येतच असतं.

आणि हो, माझगावच्या देवळात एक संत्रं ठेवून या. ते लोक देवापुढे संत्री ठेवतात.